मागच्या चाकाच्या नटावरची रेघ

बाबा,

मागच्या महिन्यात मी एका मोटरसायकलच्या नटावरची रेघ पुसली. रेघ जांभळी होती, चमकी असलेल्या नेलपॉलिशची. मागच्या चाकाच्या एक्सलच्या नटावरून सुरू होऊन ती खालच्या धातूवर उतरलेली होती. ती तिथे कशासाठी ओढली आहे हे वर्कशॉपमध्ये उभ्या असलेल्या सात-आठ माणसांपैकी दोघांनाच माहीत होतं. एक, जिनं ती पुसली ती मी. दुसरे, ज्यांनी ती ओढली होती ते पातूरचे काका, आमचे एक ग्राहक. मला ते तुम्ही शिकवलं होतं. तरी मी थिनरमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा घेतला आणि दोनदा फिरवून नट स्वच्छ केला. हे सांगायला मला दुसरं कोणी सुचलं नाही. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, म्हणजे तुम्ही उलट काही विचारणार नाही, हेही त्यात आहे.

मी आता अकोल्याला असते. मोटरसायकलच्या एका डीलरकडे सर्व्हिस विभाग माझ्याकडे आहे. खाली वर्कशॉप, वर काचेचं केबिन. गाडी आली की जॉबकार्ड निघतं. त्यावर कामांची यादी छापलेलीच असते: चेन, ब्रेक, हँडल, क्लच, सगळं. मेकॅनिक एकेका कामापुढे बरोबरची खूण करतो आणि तळाशी माझी सही होते. आई शेजारणींना सांगते, "माही पोरगी गाड्याइची इंजिनिअर हाय, पन हाताले तेल लागत नाई तिच्या." ती हे कौतुकानं सांगते, म्हणून मी काही बोलत नाही.

तुमच्या हातांना तेल कायम असायचं. तुम्ही पशुधन पर्यवेक्षक, नेमणूक धारणीकडची. सोमवारी पहाटे अमरावतीहून निघायचं, परतवाडा, सेमाडोह, घाट, मग आठवडाभर गावोगाव गुरांना लशी टोचत फिरायचं आणि शनिवारी संध्याकाळी घरी. रविवारी सकाळी गाडी क्वार्टरच्या अंगणात कडुलिंबाखाली उभी. गोणपाट अंथरलेलं, त्यावर पाने लहान-मोठे असे ओळीनं मांडलेले, आणि तुमच्या डाव्या हाताला मी. तिकडच्या रस्त्यांवर गाडीतलं काय केव्हा ढिलं होईल याचा भरवसा नसायचा आणि गॅरेज कोसभर तर सोडाच, दिवसभरात सापडायचं नाही. एकदा तुम्ही सायलेन्सर मागच्या सीटला दोरीनं बांधून आला होतात. आई दारात उभी राहून म्हणाली, "पुढच्या खेपेले सायलेन्सरवर बसून या अन् गाडी मांगं बांधून आना." त्यानंतरच केव्हातरी तिकडच्या एका सरकारी जीपच्या ड्रायव्हरनं तुम्हाला रेघेची पद्धत दाखवली. नट नीट कसून झाला की नटापासून खालच्या धातूपर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढायची. नट हलला की रेघ तुटते. सकाळी निघताना गाडीभोवती एक चक्कर मारली की पाना न लावता कळतं, काय जागेवर आहे आणि काय नाही. रंग म्हणून तुम्ही आईची लाल नेलपॉलिश घेतलीत. "माया बोटाइले कधी लागली नाई, अन् गाडीचे नखं रंगवून राहिले," असं ती दर रविवारी म्हणायची आणि बाटली संपली की पुन्हा लालच आणायची.

तुमचा एक नियम होता. ज्यानं नट खोलला त्यानंच तो कसायचा आणि ज्यानं कसला त्यानंच रेघ ओढायची. मध्येच कोणी हाक मारली, उठावं लागलं, तर परत आल्यावर तो नट पुन्हा ढिला करून सुरुवातीपासून कसायचा. मी दहा वर्षांची असेन. ब्रेकच्या रॉडचा नट तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडे सोपवला होता. मला कसण्यापेक्षा रंगवण्याची घाई. मी नट हातानं फिरवून बसवला, आधी रेघ ओढली आणि पान्यानं नंतर कसू म्हणून आत पाणी प्यायला गेले. परत येते तर तुम्ही नटावर पाना लावलेला आहे. तो पाव फेरा सहज फिरला आणि ओली रेघ मधोमध फाटली. तुम्ही ओरडला नाहीत.

"हे काय हाय?"

"रेघ."

"रेघ नाई माय, सही हाय हे. कामाच्या पयले सही केली तू. मी उद्या ह्याच सहीवर घाट उतरलो असतो."

मग तुम्ही मला दाढीचं जुनं पातं दिलंत. मी नटाच्या सहाही बाजूंवरचा रंग खरवडून काढला, नट खोलला, पुन्हा कसला, तुम्ही पाहिला, मग रेघ. आत पोहे थंड झाले होते. आई तुम्हाला म्हणाली, लेकराले उपाशी ठेवून काय भेटलं. तुम्ही माझ्याबरोबर तेच थंड पोहे खाल्लेत. हा प्रसंग मी कितीतरी नव्या मेकॅनिकांना सांगू शकले असते. एकालाही सांगितलेला नाही.

पॉलिटेक्निक संपल्यावर मला अमरावतीतच एका डीलरकडे अप्रेंटिसशिप मिळाली. आदल्या संध्याकाळी तुम्ही मला नेलपॉलिशची नवी कोरी बाटली दिलीत. "पाने कंपनी देईन. हे नाई देत," म्हणालात. मी हसून घेतली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवून दिली. त्या वर्कशॉपमध्ये मी एकटीच मुलगी. पहिल्याच दिवशी माझ्या खिशातून नेलपॉलिश निघाली असती तर त्यांना हसायला वर्षभर पुरलं असतं. ती बाटली पुढे आईनं भांड्यांच्या बुडाला खुणा करण्यात संपवली, शेजारच्या कार्यक्रमात भांडी बदलून येऊ नयेत म्हणून.

तिथे मी पहिल्यांदा टॉर्क रेंच हातात घेतला. ठरलेल्या जोरापाशी तो टक् करतो आणि थांबायला सांगतो. मी घरी येऊन जेवताना तुम्हाला समजावलं, की हाताचा अंदाज माणूस दमला की बदलतो, रेंच दमत नाही. तुम्ही घास तसाच ठेवून ऐकत होतात. "बरोबर हाय," म्हणालात. "घाटात हात थंडीनं बधिर झाल्यावर माया अंदाज चुकते." मग तुम्ही विचारलंत, तो रेंच बरोबर दाखवतो हे कोण तपासतं. मी म्हणाले, कंपनी तपासते. तेव्हा मला तेवढंच माहीत होतं. मी हट्ट धरला, की एक सर्व्हिसिंग आमच्याकडे करा. अंगणात गोणपाटावर बसून करायचे दिवस गेले. तुम्ही म्हणालात, "तू म्हनतं तर आनतो." त्या हट्टात तुमच्या गाडीची काळजी किती होती आणि माझ्या साहेबांसमोर माझ्या वडिलांची गाडी नीट जॉबकार्डावर लागावी ही हौस किती होती, याचं प्रमाण मला आज सांगता येत नाही. यंत्र हातापेक्षा अचूक असतं हे मी आजही मानते. फक्त त्या दिवशी ते यंत्र भिंतीवर टांगलेलं होतं.

संध्याकाळी तुम्ही गाडी न्यायला आलात. ग्राहकांसाठी काचेच्या आत सोफे होते, थंड हवा होती. तुम्ही तिथे बसला नाहीत. धुतलेल्या गाडीपाशी जाऊन उकिडवे बसलात, मागचं चाक पाहिलंत, मग हँडलचा वरचा नट, मग ब्रेकच्या रॉडचा नट. मग मला हाक मारलीत, "माय, इकडे ये." मी आले. तुम्ही नुसतं बोट ठेवून दाखवलंत. तिन्ही ठिकाणी तुमच्या लाल रेघा अखंड होत्या. जॉबकार्डावर लिहिलं होतं की चाक काढून ब्रेक साफ केले, चेन ओढली, हँडल खोलून ग्रीस भरलं. त्यातलं एकही काम त्या-त्या ठिकाणचा नट न हलवता होत नाही. तुम्ही कुजबुजत बोलत होतात, माझी अडचण होऊ नये म्हणून. तरी सर्व्हिस मॅनेजर आले. "काय झालं काका? काही प्रॉब्लेम?" तुम्ही त्यांना काहीच सांगितलं नाहीत. माझ्याकडे पाहिलंत. तुम्हाला वाटलं, हे आता मी सांगेन, त्यांच्या भाषेत, कारण मी शिकलेली आहे.

मी म्हणाले, "काही नाही सर. बाबांना यातलं कळत नाही. त्यांचं आपलं अंगणातलं काम."

तुम्ही गुडघ्यावर हात टेकून उठलात. 'समाधानी' या रकान्यात सही केलीत. निघताना मॅनेजरांना म्हणालात, "पोरगी शिकून राहिली तुमच्याकडे. लक्ष ठेवा." ते हसून हो म्हणाले. हे वाक्य तुम्ही नेमकं काय मनात धरून बोललात हा विचार मी अनेकदा केला आहे. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. तो टोमणा नव्हता.

पुढच्या रविवारी मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी आहे. आई भाकरी थापते आहे. बाहेर गोणपाट अंथरलेलं, मागचं चाक काढलेलं, आणि तुम्ही हात लांबवून पाना घेता, ठेवता, दुसरा घेता. प्रत्येक वेळी थोडं उठावं लागतं, कारण डाव्या हाताला कोणी नाही. आई म्हणते, "जाय ना, पाना दे त्यायले." मी म्हणते, अभ्यास आहे. तुम्ही खिडकीकडे पाहिलं नाहीत आणि मला बोलावलं नाहीत. त्या दिवसाविषयी, त्या मॅनेजरविषयी, तुम्ही पुढे कधी अवाक्षर काढलं नाहीत. दीड वर्षानंतर काविळीनं दहा दिवसांत तुम्ही गेलात, तेव्हा आपल्या दोघांत ती गोष्ट तशीच होती.

आता जांभळ्या रेघेचं सांगते. पातूरचे काका जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठ्यात पंप ऑपरेटर होते, आता निवृत्त. पंपाच्या थरथरीनं पायाचे बोल्ट ढिले होतात, म्हणून ते आयुष्यभर बोल्टांवर रेघा ओढत आले. नवीन गाडी घेतली तरी सगळं घरीच करतात. आमच्याकडे आणतात ते केवळ वॉरंटीसाठी. कंपनीच्या पुस्तकात आमचा शिक्का लागला नाही तर वॉरंटी जाते. पहिल्याच भेटीत त्यांनी मला सांगितलं होतं, "मॅडम, काम मी करतो, तुमी शिक्का मारा. दोघाइचंबी भागते." मी त्यावर हसले नव्हते. त्यांची मुलगी एका आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. रोज सकाळी ते तिला मागे बसवून तिथे सोडतात, संध्याकाळी आणतात. रस्ता खराब आहे.

सर्व्हिसिंग झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ते गाडी घेऊन परत आले, मुलीला घेऊन. त्या दिवशी कंपनीचा माणूस तपासणीसाठी आलेला होता. तो माझ्या केबिनमध्ये जॉबकार्डांचा गठ्ठा चाळत होता आणि काचेतून त्याला खालचं सगळं दिसत होतं. काका हळू बोलणारे नव्हते.

"मॅडम, चाक खोललंच नाई यायनं. कार्डावर लिवलं हाय, ब्रेक साफ केले म्हनून. हे पाहा, माही रेघ जशीच्या तशी हाय."

मी खाली बसले. नट खोलून परत त्याच जागी आणता येतो, असं कोणी म्हणू शकतं. पण तसं केलं तर रंगाचा पापुद्रा तडकतो. मी नख फिरवून पाहिलं. नख कुठे अडकलं नाही. रेघ नटावरून धातूवर गुळगुळीत उतरत होती. एवढं मला नखानं कळलं. खरं तर न पाहताही मला माहीत होतं. चाक काढून, ब्रेक साफ करून परत बसवायला चांगल्या मेकॅनिकला अर्धा तास लागतो. आमच्याकडे त्या दिवशी अख्ख्या गाडीला मिळालेला वेळ त्याहून कमी होता. खुणा आधी होतात, कामं जमतील तशी. त्या कार्डाच्या तळाशी माझी सही होती.

मेकॅनिक कडेनं जमले. वर काचेमागे कंपनीच्या माणसानं मान उचलली होती. मी काकांना म्हणाले, "काका, नटांना असले रंग लावू नका. यानं काही सिद्ध होत नाही. उलट खाली गंज धरतो." आणि बोळा घेऊन रेघ पुसली. गंजाचं मी त्या क्षणी बनवलं. रंगाखाली गंज धरत नाही, उलट धरायचा थांबतो. काका त्या कोऱ्या नटाकडे पाहत राहिले. मग मुलगी पुढे झाली. तिला ड्यूटीला उशीर होत होता आणि लोक पाहत होते. तिनं त्यांच्या दंडाला हात लावला.

"चाला ना बाबा. मॅडम इंजिनिअर हायेत. त्यायले नाई समजन काय? तुमचं आपलं कायीबी असते."

ती हळू बोलली होती. मी बोलले होते त्यापेक्षा पुष्कळच हळू. काका म्हणाले, "हो का? मंग माहीच चूक असन. नजर कमी झाली आता." मी म्हणाले, गाडी ठेवून जा, पुन्हा एकदा पाहून देते. त्यांनी 'समाधानी'च्या रकान्यात सही केली. दोघं ऑटोनं गेले.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी ती गाडी स्वतः रॅम्पवर घेतली. कितीतरी वर्षांनी मी कोणाच्या गाडीचं चाक काढत होते. ब्रेकच्या ड्रममध्ये काळी धूळ भरलेली, ब्रेक दाबणारा कॅम कोरडाठाक, हातानं फिरवताना अडकत होता. असाच चालला असता तर एखाद्या दिवशी ब्रेक दाबलेलाच राहिला असता, नाहीतर लागलाच नसता. मी सगळं साफ केलं, ग्रीस लावलं, चेन दोन्ही बाजूंनी मोजून सारखी ओढली, रेंच भिंतीवरून काढून नट कसला. टक्. डबा धुऊन परत आलेला एक मेकॅनिक बाजूला उभा राहून पाहत होता. म्हणाला, "मॅडम, हे आता काहून करून राहिल्या? सही तं झाली." मी त्याला म्हणाले, जेवण झालं असेल तर पुढची गाडी घे. रेघ मी ओढली नाही. माझ्याकडे रंगही नव्हता. संध्याकाळी काका आले, वाकून नट पाहिला, गाडीवर बसले, गेले.

गाडी सुरक्षित होती. मी स्वतःला तेवढंच सांगत होते आणि ते खरंही होतं. पण आपल्याला दिसलं ते खोटं, असं मानून एक माणूस घरी गेला होता, त्याच्या मुलीच्या देखत, आणि ते मी केलं होतं. तुमच्या वेळी मी एकोणीस वर्षांची होते, घाबरलेली होते, असं काही म्हणता येतं. या वेळी तसलं काहीच नव्हतं.

तीन आठवडे मी काही केलं नाही. मग एका रविवारी जॉबकार्डावरचा पत्ता घेऊन पातूरला गेले. काका अंगणातच होते, रॉकेलच्या डब्यात ब्रश बुडवून चेन धूत होते. भिंतीला खिळे ठोकून पाने टांगलेले, प्रत्येकामागे खडूनं त्याचा आकार काढलेला, म्हणजे कुठला जागेवर नाही ते लगेच दिसावं. मला पाहून त्यांना नवल वाटल्याचं दिसलं नाही. मी उभ्याउभ्याच सांगायला सुरुवात केली, की त्या दिवशी चाक खोललेलं नव्हतं. त्यांनी ब्रश डब्यात ठेवला.

"मले मालूम हाय."

"तुम्ही तर म्हणालात, माझी चूक असेल."

"मंग काय म्हनू? माही पोरगी उभी होती, तुमचे लोक उभे होते. पन तुमी रेघ पुसली ना, तवाच मले समजलं. ज्याले समजत नाई थो हासते. पुसत नाई."

त्यांनी हात फडक्याला पुसले. ते म्हणाले, "मले काय सांगता? तिले सांगा. ते तवापासून मले म्हनून राहिली, बाबा आता गाडीले हात नोका लावू." आणि त्यांनी आत हाक मारली.

ती हात पुसत बाहेर आली. मी तिला सांगितलं, एकामागून एक, जसं घडलं तसं. चाक खोललं नव्हतं. कार्डावरच्या खुणा खोट्या होत्या, सही माझी होती. रेघ बरोबर होती. मला ते कळलं होतं आणि मी ती पुसली. नंतर काम मी स्वतः केलं, पण तेही लपवून. ती माझ्याकडे पाहतच नव्हती. वडिलांकडे पाहत होती. ते पुन्हा चेन घासायला लागले होते. शेवटी ती म्हणाली, "मी रोज ह्याच गाडीवर मांगं बसतो, मॅडम." मी हो म्हणाले. ती वडिलांना म्हणाली, "अन् तुमी काहून नाई बोलले मले?" ते म्हणाले, "तू आयकलं असतं काय?" ती आत गेली आणि चहा ठेवल्याचा आवाज आला. चहा तिनं मलाही दिला.

मी निघणार तेवढ्यात काकांनी कोनाड्यातून जांभळी बाटली काढून माझ्यापुढे धरली. "घ्या. तुमी कसला नं थो नट? मंग रेघ बी तुमीच ओढा. माया हातची नाई चालत त्याच्यावर." बाबा, हा नियम त्यांचाही आहे. तो कोरा नट तीन आठवडे त्यांनी तसाच ठेवला होता. मी खाली बसले. नट फडक्यानं पुसला, फुंकर मारली, ब्रश बाटलीच्या तोंडाशी निथळवला आणि नटाच्या मधल्या कडेपासून सरळ खाली, एका दमात, परत न गिरवता. काका वाकून पाहत होते. "हा हात कोनाचा हाय?" त्यांनी विचारलं. "कोनी शिकवलं?"

मी म्हणाले, "कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये."

काकांनी बाटलीचं झाकण लावलं. "बरं शिकवते मंग कंपनी," म्हणाले.

हे मी ठरवून बोलले नाही. तोंडातून निघालं. त्या घरात मी माझ्या खोट्या सहीबद्दल उभं राहून सांगू शकले. तुमचं नाव घेतलं असतं तर मुलीनं विचारलं असतं, काय करतात ते, आणि मग मला अमरावतीचं सांगावं लागलं असतं. अकोल्याला परत येताना वाटेत मी दोनदा थांबले. मागे वळले नाही.

बाकीच्या गाड्यांचं काय, हे तुम्ही विचाराल. आता मी रोज दोन-तीन गाड्यांची चाकं माझ्यासमोर खोलायला लावते आणि मेकॅनिकला नटावर रेघ ओढायला लावते. त्यांनी मला नाव ठेवलं आहे, मेंदीवाली मॅडम. मालक विचारतात, गाड्या उशिरा का सुटतात. मी त्यांना कारण सांगितलं आहे, त्यांनी ते अजून नीट ऐकलेलं नाही. उरलेल्या गाड्यांच्या कार्डांवर मी अजून सही करते. हे लिहिताना बरं दिसावं म्हणून गाळणार होते.

तुमची गाडी अमरावतीला आईकडे पत्र्याखाली उभी आहे. मागचं चाक जाम झालं आहे. आई म्हणते, एवढी इंजिनिअर झाली तं बापाची गाडी चालू करून दाखव, नाईतर भंगारवाल्याले दे. मी दर वेळी वेळ नसल्याचं सांगते. तुम्ही एकट्यानं ओढलेली शेवटची रेघ एक्सलच्या नटावर अजून आहे. लाल राहिलेली नाही, विटकरी झाली आहे, पण अखंड आहे. मी नख फिरवून पाहिलं. चाक सोडवायचं तर तो नट खोलावा लागेल, आणि नियमानं पुन्हा कसून रेघ मला ओढावी लागेल.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. ज्यांना पाठवता आलं असतं त्या काकांचा पत्ता माझ्याकडे आहे, आणि त्यांनी अंगणात विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर एकाच वाक्याचं आहे. मागच्या रविवारी मी अमरावतीला गेले होते. अंगणात गोणपाट अंथरलं, पाने ओळीनं मांडले. आई बाहेर येऊन माझ्या डाव्या हाताला बसली, गुडघे दुखत असताना. मी पाना नटावर बसवला, जोर लावला नाही, काढून खाली ठेवला. आईला म्हणाले, या मापाचा पाना आणायचा राहिला.

मापाचाच होता.